आजींनी घेतलेला जबाब

निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी ती सकाळ मनातून गेलेली नाही. मी तेव्हा चिखली भागातल्या एका ठाण्यात निरीक्षक होतो. हजेरी आटोपून बसलो, तोच ठाणे अंमलदार एका वयस्कर बाईंना घेऊन आत आला. नगरकडचं ख्रिस्ती कुटुंब. बाई निवृत्त नर्स, मुलगा चाकणच्या एका कंपनीत फिटर.

"साहेब, माझी नात परवापासून घरात नाही," त्या म्हणाल्या. "सून म्हणते, थेरगावला मावशीकडे ठेवलीय. मावशीला फोन केला, तर ती तिथं गेलेलीच नाही. तिच्या फिटच्या गोळ्याही घरातच आहेत."

मुलगी सात वर्षांची. गोळ्या चुकल्या की फिट येई. मी नोंद घ्यायला लावली आणि सुनेला बोलावून घेतलं. मुलगा फर्स्ट शिफ्ट सोडून धावत आला, पण बायकोने सांगितलं त्यापलीकडे त्याला काही ठाऊक नव्हतं.

महिला हवालदारासमोर सून तासभर एकच वाक्य म्हणत राहिली, "पोरगी सुखरूप आहे." खोटं बोलणारा माणूस बहुधा जास्त बोलतो. ही त्यापलीकडे बोलतच नव्हती, फक्त मनगटावरचा काळा दोरा चाचपत होती. दोरा नवा होता. मी ओळखलं.

"कुठल्या बाबाकडे ठेवलीस?" मी आवाज चढवला. ती आणखी मिटली. आधीच घाबरलेल्या बाईच्या भीतीत मी भर घालत होतो.

"साहेब, मी बोलू का तिच्याशी?" आजींनी विचारलं. चौकशीत नातेवाईक बसवण्याची पद्धत नाही. तरी मी मान डोलावली.

आजींनी खुर्ची जवळ ओढली. "पोरी, बायबलातली शौल राजाची गोष्ट तू लहानपणी ऐकलीयस. देशातले मांत्रिक त्यानंच हाकलले होते. पण लढाई अंगावर आली, देवाकडून उत्तर मिळेना, तेव्हा वेष बदलून तोच भूतविद्या जाणणाऱ्या बाईकडे गेला. गेला तो घाबरलेला, आणि तिथलं ऐकून जमिनीवर कोसळला. तिकडं जाऊ नका असं शास्त्रात उगाच नाही सांगितलेलं. भ्यालेल्या माणसाला तिथं आणखी भ्यायला लावतात." मग त्यांनी सुनेचा हात धरला. "मागच्या फिटपासून मलाही झोप नाही, बाळा. मी तुला कधी सांगितलं नाही, ही माझी चूक."

सून रडू लागली. "आई, तो म्हणाला, फिट कायमची घालवतो, पण कुणाला सांगितलंस तर पोरगी जाईल."

पुढच्या पाच मिनिटांत पत्ता मिळाला. वर्कशॉपच्या रांगेमागे एक पत्र्याची खोली होती. मुलगी चटईवर पडलेली, दोन दिवस फक्त पाण्यावर. मांत्रिकाला माझ्या माणसांनी ताब्यात घेतलं. आजी आमच्याबरोबरच आल्या होत्या. आम्ही मुलीला जीपमध्ये घेतलं, तर वाटेतच तिला फिट आली. आजींनी तिला कुशीवर वळवलं आणि फिट किती वेळ टिकते ते शांतपणे घड्याळात बघत राहिल्या. दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांनी तिला सोडलं नाही. डॉक्टर "आता ठीक आहे" म्हणाले, तेव्हा कुठे त्या बाकावर टेकल्या.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. कोर्टात सुनेने न डगमगता साक्ष दिली आणि मांत्रिकाला शिक्षा झाली.

एक गोष्ट केस डायरीत नाही. मुलगी सापडली त्याच आठवड्यात माझ्या पत्नीचा बायोप्सीचा रिपोर्ट यायचा होता. एका ओळखीच्याने मला सांगवीतल्या एका 'बघणाऱ्या' बाबाची वेळ घेऊन दिली होती, आणि मी जाणार होतो. इन्स्पेक्टर असून. दवाखान्याच्या बाकावर आजींपाशी ते मी बोलून गेलो. वाटलं, आता उपदेश ऐकावा लागणार.

त्यांनी एवढंच विचारलं, "रिपोर्ट आणायला मिसेसबरोबर कोण जाणार आहे?"

मी त्या ओळखीच्याला फोन करून येत नाही म्हणून कळवलं. रिपोर्ट चांगला नव्हता. पण तो आम्ही दोघांनी शेजारी बसून वाचला, पुढच्या उपचारांचे दिवसही तसेच, एकमेकांसोबत काढले. ती आज बरी आहे.

घाबरलेल्या माणसाला आधी सोबत द्यावी, प्रश्न मागाहून विचारावेत, हे मला नोकरीच्या इतक्या वर्षांत कुणी शिकवलं नव्हतं. आजींचे आभार मानायला मी त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांनी चहा दिला, आणि आधी पत्नीची चौकशी केली.