लक्ष्मीच्या वेळेची कडी

इंदिरानगरच्या त्या घरात माणसं तीन आणि मांजर एक, पण त्यातल्या त्यात शहाणी मांजरच. सुब्बी पांढरीशुभ्र आणि ठार बहिरी. कानाशी कुकरची शिट्टी झाली तरी तिची झोप मोडत नसे. रस्त्यावरचे भोंगे तिला ऐकू येणार नाहीत म्हणून क्षमाअक्का तिला उंबऱ्याबाहेर पडू देत नसत. खिडक्यांना जाळी त्यांनी स्वतः ठोकली होती. मांजरांना बाधतं म्हणून फिनेल बंद करायला लावलं होतं. धाकटा भाऊ वादिराज आणि भावजय निवेदिता कुरकुर करत, पण चालवून घेत.

पंचाईत व्हायची ती दिवेलागणीला. लक्ष्मी येते म्हणून पुढचं दार तासभर सताड उघडं. तेवढा वेळ अक्का सुब्बीला घेऊन आपल्या खोलीत, आतून कडी लावून बसत. सणासुदीला तर नवरा गेल्यापासून, म्हणजे अठरा वर्षं, त्या तशाही खोलीतच असत. सवाष्णी येणार, उगाच समोर कशाला! कोणी तोंडानं म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच अक्कांनी येऊ दिली नव्हती.

शहाण्णव साली वरमहालक्ष्मीच्या व्रताच्या संध्याकाळी ऐन वेळी दूध नासलं. "अक्का, स्वल्प दूध आणून देता?" निवेदिता म्हणाली. अक्का खोलीला बाहेरून कडी घालून गेल्या. परत येतात तो खोली उघडी आणि सुब्बी गायब.

"मीच काढली कडी," वादिराज म्हणाला. "लक्ष्मी यायच्या वेळी घरात एकही कडी नको. मांजर ते, येईल फिरून." आणि उपकार केल्यासारखा फाटकात जाऊन ओरडायला लागला, "सुब्बी! ए सुब्बी!"

अक्कांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बहिरी आहे रे ती! नऊ वर्षं तिच्याबरोबर एका घरात राहतोस, एवढंही ठाऊक नाही तुला?"

कोपऱ्यावर एक मॅटॅडोर घरघरत उभी होती आणि तिच्या मागच्या चाकाशी सुब्बी अंग चोरून बसली होती. अक्कांनी बॉनेटवर दाणदाण हात आपटले. "निल्सी! निल्सी!" गाडी थांबवायला त्या कानडीत ओरडल्या. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. साठीच्या अक्का रस्त्यावर पालथ्या पडल्या आणि हात ओरबाडून घेत त्यांनी मांजर बाहेर ओढलं.

घरी आल्या तेव्हा पाच सवाष्णी पाटांवर बसल्या होत्या. साडीला ऑइल, हाताला रक्त. निवेदिता लगबगीनं पुढे आली आणि हळूच म्हणाली, "अक्का, मागच्या दारानं या ना."

अक्का पुढच्या दारानंच आत आल्या. दार लोटलं, कडी घातली आणि देवीसमोरच्या खुर्चीत सुब्बीला घेऊन बसल्या.

"अगं, दार!" वादिराज गडबडला. "अक्का, लक्ष्मी..."

"अठरा वर्षं मी आत कडी लावून बसत होते," अक्का म्हणाल्या, "तेव्हा ती कडी बरी चालली रे तुमच्या लक्ष्मीला!"

सुब्बी मांडीवर थरथरत होती. दार उघडायला कोणीच उठलं नाही.