घोडीचे दुसरे नाव

माझ्या पत्नीच्या थोरल्या भावाला मी खोटा ठरवले. तो खरा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, आणि संसाराच्या साऱ्या वर्षांत मी ते कुणाला कळू दिले नाही.

मी भंडाऱ्यात इतिहास शिकवतो. त्याखेरीज मला एकच नाद आहे, वाळवंटातून मुंबई बंदरात उतरलेल्या जुन्या अरबी घोड्यांच्या वंशावळी शोधण्याचा. आमच्या भागात घोडा दिसतो तो नवरदेवाखाली. त्यामुळे या नादाला लोक हसतात. अरबी घोड्याचे कूळ आईकडून चालते. बाप कितीही नामांकित असो, घोडी कुणाच्या पोटची हे सांगता आले नाही, तर तिच्या पुढच्या साऱ्या संततीचे मूळ अज्ञात समजले जाते. म्हणून विकणारा तिच्या आईचे कूळ साक्षीदारांसमोर शपथेवर सांगत असे.

एका तांबूस घोडीच्या मागे मी कित्येक वर्षे होतो. कामठीच्या छावणीतल्या एका गोऱ्या अधिकाऱ्याने ती मुंबईत घेतली होती. अरब व्यापाऱ्याने तिचे आणि तिच्या आईचे नाव शपथेवर सांगितले होते. पण त्या नावाची घोडी छावणीच्या नोंदींत पुढे कुठेच आढळेना. व्यापाऱ्याने थाप मारली, असा निष्कर्ष जुन्या जाणकारांनी काढला होता. मीही एका लेखात तेच लिहिले, जरा अधिक ठासून.

आमच्याकडे लग्नात ताटभर तांदूळ पसरून नवरा त्यात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहितो. लग्नाला थोडे दिवस उरले असताना माझ्या होणाऱ्या बायकोचा भाऊ आंधळगावहून सायकलने आला. घरचा धंदा हातमागाचा. त्याच्या बोटांना सुताचा रंग लागलेला होता. अंगणातच उभा राहून तो म्हणाला, "भाऊजी, बहिणीचा निरोप हाय. तिचं नाव बदलू नोका. आमची माय तिले जन्म देतानी गेली. मायचंच नाव ठेवलं तिले. मायचं तेवढंच हाय तिच्यापाशी."

मी "बरं" म्हणालो. मनापासून म्हणालो.

ताटापुढे बसल्यावर त्याच नावाचे पहिले अक्षर मी अंगठीने काढले. तेवढ्यात आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "काहून रे, जुनंच लिहून राहिला का? बायकोले विचारून आला वाटते! मांडवातच गुलाम झाला पोरगा." बायका हसल्या. मी तळहाताने तांदूळ सारखे केले आणि आत्याने सुचवलेले नाव लिहिले. शेजारी बसलेल्या नवरीने ते वाचले. नंतर मान वर केली नाही.

पुढे एकदा तिने विचारले, "दादा तं म्हणत होता, निरोप देल्ला म्हणून. तुमाले सांगतलं नव्हतं का त्यानं?"

"नाही," मी म्हणालो. "काहीच बोलला नाही तो."

तो आला तेव्हा तिने माझ्यादेखत त्याला जाब विचारला. त्याने माझ्याकडे एकदा पाहिले. मग म्हणाला, "राहून गेलं असन, बाई." बहिणीचे घर नुकतेच मांडले होते, ते मोडू नये म्हणून त्याने माझे खोटे आपल्या अंगावर घेतले. त्या वर्षापासून तिने त्याला राखी बांधली नाही. माहेरी ती जाई ती फक्त कुणी वारले तर. तो मात्र मला रस्त्यात भेटला की थट्टेने विचारी, "सापडली का तुमची घोडी?"

यंदा धान कापणीच्या दिवसांत ती सापडली. छावणीच्या जुन्या नोंदींत वेगळ्याच नावाची एक तांबूस घोडी होती. मागच्या डाव्या पायाला मोज्यासारखा पांढरा पट्टा, मानेवर एकाखाली एक केसांचे दोन भोवरे. व्यापाऱ्याने सांगितलेल्या खुणा तंतोतंत याच. अधिकाऱ्याला अरबी नाव उच्चारता येईना, म्हणून त्याने ते बदलले होते. त्या एका बदलाने घोडीची आई हरवली आणि खरे सांगणारा माणूस लबाड ठरला. मला आनंद व्हायला हवा होता. मी वही मिटून ठेवली.

त्याच आठवड्यात तिचा भाऊ भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखल झाला. यकृत निकामी झाले होते; डॉक्टरांनी आशा सोडली होती. दवाखाना आमच्या घरापासून चालत जाण्याएवढा, पण पत्नी जायला तयार नव्हती. "मायच्या नावाचं त्याले काही वाटलं नाही. मले त्याचं काहून वाटावं?"

मी एकटा गेलो. डोळे पिवळे, पोट फुगलेले, तरी तो हसला.

"सापडली का घोडी, भाऊजी?"

"सापडली."

"मंग? व्यापारी खरा का खोटा?"

"खरा."

त्याने अंगावरची चादर वर ओढली. "आता त्याले काय त्याचं? थो तं कवाचाच मेला."

मी बाहेर येऊन फाटकापाशी उभा राहिलो. सांगितले तर ती मला सोडून जाईल; न सांगितले तर तो जाईल, लबाड म्हणूनच. हात जोडावेत असा देव आठवेना. एवढ्या घोड्यांच्या आया शोधणाऱ्या माझ्याच हाताने एका बाईजवळ उरलेली तिची आई पुसून टाकली होती, आणि ते सांगणाऱ्यालाच मी आरोपी केले होते.

घरी ती सुपात तांदूळ निवडत होती. मी म्हणालो, "चल. त्याच्यासाठी नको, माझ्यासाठी चल. मला तुम्हा दोघांसमोर काही सांगायचं आहे." माझ्या तोंडाकडे पाहून तिने सूप खाली ठेवले.

वॉर्डात ती दाराशीच थांबली. त्याने डोळे उघडले, माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखले आणि 'नको' अशी मान हलवली. मी वळलो आणि तिला तिच्या पहिल्या नावाने हाक मारली. ते नाव मी इथे लिहीत नाही. एकदा मी ते पुसले आहे, आता ते तिच्याच स्वाधीन. ती दचकून दोन पावले आत आली.

माझा आवाज मुळातच लहान. शेजारच्या खाटांनाही ऐकू जावा एवढा तो मी त्या दिवशी मोठा केला.

"दादानं निरोप देल्ला होता. मी ऐकला होता, बरं म्हटलं होतं. अन् तुले खोटं सांगतलं. दादा, तुमी खरे होते. मले माफ करा. तूही कर, जमलं तर."