लिएनने न चाखलेला फणस

ॲरिझोनातल्या चँडलरमध्ये लिएनचं हॉटेल माहीत नाही असा मराठी माणूस सापडायचा नाही, आणि ते चालावं म्हणून इकडची काडी तिकडे केली असा तर त्याहून सापडायचा नाही. रविवारी तिच्याकडे गरम सूप प्यायचं, वर पुदिना पुन्हा मागून घ्यायचा, आणि घरचं कार्य निघालं की ऑर्डर भलत्यालाच द्यायची, ही आपली रीत.

लिएन दहा वर्षांची असताना वडील आणि आजीबरोबर होडीतून व्हिएतनाममधून निघाली. मलेशियातल्या निर्वासितांच्या छावणीत राहून अमेरिकेत आली. चिनी हॉटेलात भांडी घासली, फिनिक्सच्या बड्या हॉटेलांत दुसऱ्यांच्या नावावर रांधलं आणि चाळिशी उलटल्यावर स्वतःची पाटी लावली. यंदा उन्हाळ्यात गिऱ्हाईक एवढं रोडावलं की जागेच्या मालकाने महिनाअखेर गाळा खाली करायला सांगितलं. तिने जेवणखाण सोडलं होतं. मला बघवेना, म्हणून मी मध्ये पडले.

अवधूत या आमच्या मित्राच्या वडिलांची, प्रल्हादकाकांची, पंच्याहत्तरी होती, तीही चातुर्मासात. कांदा-लसूण वर्ज्य. त्या जेवणाची ऑर्डर मी लिएनला मिळवून दिली. अवधूत एका चिप कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिथलं रोजचं दुपारचं जेवण कुठून मागवायचं ते तोच ठरवतो. "बाबांना आवडलं ना, तर मंडेला तुझ्या लिएनचं फायनल करून टाकतो," त्याने मला सांगितलं.

लिएनला सांगितलं तर ती म्हणाली, आमच्या देवळातल्या जेवणातही कांदा-लसूण नसतो. मी वर बजावलं, काकांकडे नैवेद्य दाखवण्याआधी कुणी चाखत नाही हं. आमच्याकडेही पितरांचं ताट आधी उष्टावत नाहीत, ती म्हणाली. झालं. चाखल्याशिवाय एक वाटी बाहेर न पाठवणाऱ्या बाईने त्या दिवशी एकाही पातेल्यात चमचा घातला नाही.

कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये होता. भात, टोफूच्या गुंडाळ्या, दाण्याची चटणी आणि शहाळ्याच्या पाण्यात शिजवलेली फणसाची भाजी. बाहेर माणसं ताटकळली होती. स्वयंपाकघरात लिएन आपल्या खोक्यातलं सामान काढत होती. ती एकदम थांबली. हातात सोया सॉसची बाटली होती, फणसात घालायला म्हणून मुद्दाम आणलेली. बाटलीचं सीलसुद्धा फोडलेलं नव्हतं.

मग फणसात काय पडलं? तिने चमचाभर रस तोंडात घेतला आणि चमचा ओट्यावर ठेवला.

"मासा," ती म्हणाली. मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी त्यांच्याकडे मिठासारखंच वापरतात. सकाळी मालकाशी फोनवर भांडताना तिचा हात सवयीने त्या माशाच्या पाण्याच्या बाटलीकडे गेला होता.

अवधूत आत आला, त्याला सांगावंच लागलं. त्याने आधी दार लावून घेतलं.

"दीपा, कोणाला कळणारे यार? बाबांनी आयुष्यात मासा टेस्ट केलेला नाही. सर्व्ह करा." मग लिएनकडे वळून इंग्रजीत म्हणाला, "सोमवारी सही करतो. फक्त गप्प राहा."

खरं सांगायचं तर मला त्याचं पटत होतं.

लिएन म्हणाली, "माझ्या आजीला मांसाहार वर्ज्य होता. मेलेल्या मुलासाठी तिने व्रत घेतलं होतं. छावणीत ती उपाशी मरायला टेकली होती. मी पेजेत डब्यातली कोंबडी कुस्करून घातली आणि सांगितलं, यात नुसता तांदूळ आहे. ती जगली."

"मग झालं तर," अवधूत म्हणाला.

"नंतर इथे ती वीस वर्षं माझ्याच हातचं जेवली. मी खरंच शाकाहारी वाढायचे. पहिल्या घासाआधी ती माझ्याकडे बघून हसायची, दुसऱ्या कुणावर तिचा भरवसा नव्हता. मला तिच्यासमोर बसवत नसे."

तेवढ्यात दार ढकलून प्रल्हादकाका आले. अंगावर सोवळं, हातात नैवेद्याचं चांदीचं ताट. "घमघमाट सुटलाय," म्हणत त्यांनी ताट फणसापाशी पुढे केलं. अवधूतने पळी उचलली. मी लिएनकडे पाहिलं. बोलली तर तिचं हॉटेल गेलं, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तिने ताटावर हात आडवा धरला. "काका, हे देवाला दाखवू नका. माझ्या हातून यात मासा पडलाय."

काकांनी ताट मागे घेतलं. मग ते बाहेर गेले. लिएनने फणसाचे तिन्ही ट्रे कचऱ्यात उलटे केले. लोक भात, गुंडाळ्या आणि चटणीवर जेवले आणि जाताना माझ्याकडे बघत कुजबुजले. सोमवारी अवधूतचा फोन आला नाही. मला त्याचा राग आला, लिएनचा आला, आणि चाखू नको म्हणून सांगणाऱ्या माझ्या जिभेचा सगळ्यात जास्त आला.

महिनाअखेर पाटी उतरवायला माणसं आली तेव्हा मी तिथेच खुर्च्या रचत होते. दुपारी प्रल्हादकाका एकटेच आत आले. हा माणूस अमेरिकेत कुठेही गेला तरी तेल कुठलं, पळी कुठली, रस्सा कशाचा, हे विचारून वेटरला रडकुंडीला आणतो. ते मधल्या टेबलाशी बसले.

"मुली, काय असेल ते वाढ," ते म्हणाले.

लिएनने आतून वाडगा आणून समोर ठेवला. काकांनी काही विचारलं नाही. चित्राहुती घातली आणि जेवायला सुरुवात केली.