तारवालीचं वळण

विजेच्या खांबावर चढणारी शहरातली पहिली बाई म्हणजे तारवाली. सुरुवातीला लोक खांबाखाली जमून ती कधी पडते याची वाट बघायचे. ती काही पडली नाही, लोकांच्याच माना अवघडल्या. रोज सकाळी एका वळणावर शिडी टेकवून ती खांबाला पत्र्याचा डबा अडकवायची. ज्याच्या घरात अंधार, त्याने डब्यात चिठ्ठी टाकायची. पुढे डबा गंजला, शिडी मोडली, तारवालीचे गुडघे गेले. वळणाला मात्र लोक तारवालीचं वळण म्हणत राहिले.

यंदा नगरपालिकेने रस्त्यांना कर्तबगार स्त्रियांची नावं द्यायचं ठरवलं आणि त्या वळणाच्या रस्त्यासाठी नामकरण समितीचा कारकून तारवालीच्या घरी आला. मला कशाला हे सगळं, असं आठवडाभर म्हणणारी तारवाली सकाळपासून ठेवणीतलं पातळ नेसून बसली होती. सून ओठ मुडपून हसली. कारकुनाने नोकरीची वर्षं लिहून घेतली, चहा घेतला आणि मृत्यूचा दाखला मागितला. नाव फक्त दिवंगतांचंच द्यायचं, असा नियम होता.

"आजी, तुमचं सगळं बसतंय. एवढं एकच अडतंय," तो हळहळला.

"मग थांबा थोडं. मला काही घाई नाही."

घाई समितीला होती. तिने नगराध्यक्षांच्या दिवंगत सासूबाई शोधून काढल्या. शहरात विजेचा पंखा लावून घेणारी पहिली स्त्री, असं त्यांचं कार्य निघालं. तो पंखा तारवालीनेच बसवला होता. सासूबाई खाली खुर्चीत बसून तो वाकडा आहे म्हणत होत्या.

त्या दिवशी तारवाली जेवली नाही. एरवी टोमण्यांत हयगय न करणाऱ्या सुनेने नुसतं ताट झाकून ठेवलं.

पंधरा दिवसांनी कारकून पुन्हा आला. नामकरण समारंभाच्या पत्रिकेत रस्त्याचं नवं नाव वाचून मंडपवाल्याने मंडप भलत्याच गल्लीत उभारला होता, म्हणून पत्रिका पुन्हा छापाव्या लागल्या होत्या. त्याने खालमानेने एक पुढे केली. तारवालीने चष्मा लावला. वर नगराध्यक्षांच्या सासूबाईंचं नाव सोनेरी अक्षरांत होतं. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: स्थळ, तारवालीचं वळण.

तिने ती ओळ दोनदा वाचली.

"सूनबाई, ते पातळ इस्त्रीला टाक," ती म्हणाली. "पाटी वाकडी लागली तर खालून सांगायला कुणीतरी हवं."