मी आईचं खातं निल केलं

...आणि परत तेच. काल फोनवर दादा म्हणतो, "तूच तर खातं मोकळं केलंस, मग आता कशाला बोंबलतोस?" दोन महिने झाले, दर फोनला हेच भांडण. एसटीडीचं बिल माझं आणि आवाज मोठा त्याचा.

म्हणलं, आता इथंच लिहून टाकावं. तुमच्यातले निम्मे माझ्यासारखेच घर सोडून लांब आहेत, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

मी न्हावऱ्याचा, आठवी नापास. गावात माझं बूड कधी टिकलं नाही... दौंडला गॅरेज, पाटसला धाबा, सगळीकडं दोन-दोन महिने. मग इकडं गुजरातला क्रेनवर यायचं ठरलं. एजंट, मेडिकल, लायसन मिळून अठरा हजार पाहिजे होते.

आईच्या दोन गाई आहेत, दूध डेअरीला जातं. डेअरी दुधाच्या खात्यावर ॲडव्हान्स देते आणि दर दहा दिवसांच्या बिलातून थोडा थोडा कापून घेते. व्याज नाही. आईनं माझ्यासाठी अठरा हजार उचलले, कपात ठरली बिलाला तीनशे.

इकडं आल्यावर ते तीनशे डोक्यातून जाईनात. पहाटे उठून धारा आई काढणार आणि बिल हातात येणार ते कापलेलं... आणि मला थोडं थोडं देणं जमतच नाही. एकदा काय ते देऊन मोकळं व्हायचं. आठ महिने डबल ड्यूटी मारली, दिवाळीला घरी गेलो नाही. हिशोब तोंडपाठ होता. चोवीस बिलांत सात हजार दोनशे फिटले, उरले दहा हजार आठशे.

यात्रेला गावी गेलो तो पैसे खिशात घेऊनच. त्याच संध्याकाळी आई आणि दादाबरोबर डेअरीत. दादाच्या हातात दुधाचा कॅन, काउंटरला दहा-बारा माणसं. सचिव आप्पांनी रजिस्टर उघडलं... बाकी चौदा हजार चारशे!

म्हणलं, आप्पा, काहीतरी चुकलंय. ते चष्म्यावरनं बघत म्हणाले, "काय चुकलं न्हाई. तुझ्या आईनंच कपात निम्मी करायला लावली. पहिल्या बिलापासनं दीडशेच कापतोय."

माझं डोकंच फिरलं. सगळ्यांसमोर बोललो, "अगं, मी तिकडं मरमर मरतोय आन् तू हितं कर्ज लांबवत बसलीस व्हय?" आईनं एकदा दादाकडं बघितलं, पदर नीट केला. "राहू दे रं... फिटंल की हळूहळू," एवढंच म्हणाली. मला वाटलं, हिला हिशोबातलं काय कळतंय.

यात्रेला ठेवलेले पैसे घातले, परतीच्या तिकिटाचे घातले, मावसभावाकडून पंधराशे घेतले. आप्पांनी लाल पेननं 'निल' लिहिलं आणि मी छाती काढून बाहेर आलो.

मी इकडं परत येऊन पंधरा दिवस झाले नाहीत तोवर बातमी आली, दादानं मोटरसायकल घेतली. आईच्याच खात्यावर ॲडव्हान्स, चोवीस हजार. कपात बिलाला चारशे.

डेअरीचा नियम आहे, जुनी बाकी असेपर्यंत नवीन ॲडव्हान्स मिळत नाही. आणि ती बाकी मी दादाच्या डोळ्यांदेखत पुसून दिली होती!

दादाचंही अगदीच खोटं नाही. सीझनला कारखान्यावर कामाला जातो, एसटीच्या नादात अर्धा दिवस मोडतो. हप्ता मीच भरीन म्हणाला होता... पण अजून एक रुपया दिलेला नाही. गाडीवर तो फिरतो आणि शेण आई काढते.

मागच्या रविवारी आई शेजारच्यांच्या फोनवर आली. मी विचारलं, कपात निम्मी केलीस तेव्हा मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "आरं, तुझं अठरा हजार हुतं तवर मला घोर नव्हता. पोटच्या पोराला न्हाई म्हणता येत न्हाई. बाकी हाय रं, असं म्हणता येतं."

त्या दिवशी काउंटरला तिनं दादाकडं का बघितलं होतं, ते आत्ता कळलं. एवढ्या लोकांत, त्याच्यासमोर, ती मला काय सांगणार होती?

तरी माझी खोड जाते का... म्हणलं, आई, ठेकेदाराकडून उचल घेतो, हे चोवीस हजार पण एकदम भरून टाकतो. तर हसायला लागली. "भर की! परत निल केलंस तर आता ह्यो ट्रॅक्टर घिईल." मग हळूच म्हणाली, "ते फिटू दे त्याच्या चालीनं. दुधातनं जेवढं कापतील तेवढं तू मला धाड. पोस्टमन माझ्या हातात देतो, त्याला खातं लागत न्हाई."

सगळ्यांसमोर बोललो म्हणून माफी मागायला लागलो, तर "येडा हायस" म्हणून फोन ठेवला. आठवी नापास मी आहे, पण ती तर शाळेत गेलीच नव्हती... आणि घर तिनंच सांभाळलं.

दर महिन्याला थोडं थोडं देणं मला अजून जमत नाही, अंगावर काटा येतो. पण आज सुट्टी टाकून पोस्टाच्या रांगेत उभा राहिलो. महिन्याची तीन बिलं, चारशेप्रमाणे. आईच्या नावानं मनीऑर्डर केली, बाराशे रुपये.