बोरटोलीच्या संघटनेवाल्या मॅडम

दीप्ती खोब्रागडेला एका जागी बसणं कधी जमलंच नाही. वर्गात ती खुर्चीवर क्वचित टेकायची, संघटनेच्या बैठकीत बोलणी लांबली की उठून खिडकीशी जायची, आणि घरी जेवता जेवताही मध्येच कोणाला तरी फोन लावायची. नागपूरच्या पारडीतल्या घरून स्कूटीने निघायचं, भंडारा रोडवरचे ट्रक चुकवत मौद्याच्या अलीकडे वळायचं आणि कालव्याच्या कडेकडेने बोरटोलीची जिल्हा परिषद शाळा गाठायची, हा तिचा अनेक वर्षांचा अप-डाउन. शाळा चौथीपर्यंतची, दोन खोल्यांची. पहिली-दुसरी तिच्याकडे, तिसरी-चौथी गणपतराव डोंगरे सरांकडे. त्यातून ती शिक्षक संघटनेची तालुका सचिव, म्हणून गावात सगळे तिला ‘संघटनेवाल्या मॅडम’ म्हणत. त्या म्हणण्यात मान किती आणि टोमणा किती, याचा तिने कधी विचार केला नव्हता.

तो करायची वेळ हिवाळ्याच्या तोंडाशी आली. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलांना मोठ्या शाळेत घालायचं घाटत होतं आणि त्यात बोरटोलीचंही नाव होतं. मोठी शाळा हायवेच्या पलीकडे. संघटनेने ठरवलं की विधिमंडळाचं अधिवेशन सुरू झालं की नागपुरात मोर्चा काढायचा, आणि या वेळी नुसते शिक्षक नकोत, गावागावांतून पालक आणायचे. बोरटोलीचे पालक आणायचं काम अर्थात दीप्तीकडे आलं. तिला त्यात अवघड काही वाटलं नाही. शाळा गावाची, पोरं गावाची, गाव कशाला मागे राहील?

शाळा सुटल्यावर ती घरोघर फिरली. लोकांनी खाट टाकली, चहा केला, तब्येतपाणी विचारलं. मोर्चाचं नाव काढलं की कोणाची मळणी अडलेली, धान चुरायचा राहिलेला असायचा, कोणाकडे सोयरे यायचे असायचे. ‘नाही’ कोणीच म्हटलं नाही आणि ‘हो’ही म्हटलं नाही. शेवटी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष ऋषिकेश तेवढा स्पष्ट बोलला. त्याचा टेम्पो होता. गावचा भाजीपाला तो कळमन्याच्या बाजारात न्यायचा. टेम्पोचं चाक बदलता बदलता, मान वर न करता तो म्हणाला, “मॅडम, तुमच्याबद्दल आमचं काई म्हननं नाई. पन डोंगरे सराची तक्रार आमी दोनदा केली. दोन्ही बार तुमच्या संघटनेनं ते दाबली. आता आमी कोनती शाळा वाचवाले यावं?”

दीप्तीने टेम्पोला वळसा घातला. ती पुढच्या घरी गेली. ते प्रयागबाईचं घर. प्रयागबाई अंगणात धान वाळवत होती. तिने दीप्तीला बसायला सांगितलं नाही. चौथीत शिकणाऱ्या नातीला, भूमिकाला, हाक मारली आणि खताचं रिकामं पोतं पुढे करून त्यावर काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. भूमिका अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. पहिलं अक्षर तिने बरोबर सांगितलं, दुसऱ्याला अडली, मग दीप्तीकडे पाहून ओशाळं हसली. दुसरीपर्यंत हीच पोर दीप्तीच्या हाताखाली होती आणि घडघडा वाचायची.

“तुमच्याजवळ होती तवा वाचे,” प्रयागबाई म्हणाली. “दोन सालात इसरली. तुमची खोली तं बाजूलेच आहे ना, बाई? तुमाले आयकू नाई आलं?”

आलं होतं. भिंतीपलीकडून कधी नुसता गोंगाट यायचा, कधी मोबाईलमधली गाणी, आणि कधी काहीच यायचं नाही, ते सगळ्यात वाईट. पण दीप्ती ऐकून न ऐकल्यासारखं करायची, कारण त्या खोलीत डोंगरे सर होते. ती पोटुशी असताना तिची बदली जिल्ह्याच्या पार टोकाला झाली, तेव्हा हाच माणूस तिच्या कागदपत्रांसाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवत फिरला होता. संघटनेत तिला त्यानेच आणलं. एके काळी तो मुलांना झाडाखाली बसवून पाढे गाण्यासारखे म्हणून घ्यायचा आणि रस्त्याने जाणारी माणसं थांबून ऐकायची. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको कॅन्सरने गेली आणि त्यानंतर तो शाळेत यायचा, पण नुसताच यायचा. तक्रारी आल्या तेव्हा तालुकाध्यक्ष नानाजी म्हणाले, आपला माणूस आहे, सांभाळून घ्या. दीप्तीने सांभाळून घेतलं. दोन्ही वेळा चौकशी मागे घ्यावी म्हणून तीच गटशिक्षणाधिकारी साहेबांसमोर जाऊन बोलली होती.

त्या दिवशी घरी जाताना ती फाट्यावर वळायचं विसरून बरीच पुढे गेली. संध्याकाळभर ती घरात या खोलीतून त्या खोलीत फिरत राहिली. नवऱ्याने दोनदा विचारलं, काय झालं. तिने दोनदा काही नाही म्हटलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “अवं, बस ना एका जागी. तुले पाहूनच मले चक्कर येऊन राहिली.” ती बसली आणि लगेच उठली.

दुसऱ्या दिवशी पोरं घरी गेल्यावर तिने डोंगरे सरांना गाठलं. आडवळणाने सुरुवात करायचं ठरवलं होतं, पण तोंडून सरळच निघालं. भूमिकाला वाचता येत नाही, तिच्या वर्गातल्या बाकीच्यांनाही येत नाही, आणि गाव यासाठीच मोर्चाला येत नाही. सर खिडकीबाहेर बघत होते.

“म्हनजे आता तूही माझी तक्रार करशील,” ते म्हणाले.

“तक्रार नाही करत, सर. येत्या रविवारी मी गावाची सभा बोलावून राहिली. तुमी या.”

“संघटना कायले असते, दीप्ती? आपल्या मानसाले वाचवाले का त्याले चौकात उभं कराले?”

हाच प्रश्न दीप्ती कालपासून स्वतःला विचारत होती. सरांनी पिशवी उचलली आणि ते निघून गेले.

नानाजींनाही सभा पटली नाही. ते तसे मऊ स्वभावाचे, पण या वेळी आवाज चढला. शिक्षकांची उणीदुणी गावासमोर काढली तर अधिकाऱ्यांच्या हाती आयतं कोलीत मिळेल, आज डोंगरे, उद्या कोणीही, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य होतं. बाहेरचे लोक टपलेलेच असतात हे दीप्तीला ठाऊक होतं. तरी ती म्हणाली की गाव म्हणजे साहेब नव्हे. साहेबांपासून माणसाला वाचवायचं ते ती यापुढेही करेल, पण गावापासून वाचवायला लागलो तर आपल्या पाठीशी उरतं कोण? नानाजींनी हात झटकले. सभेत संघटनेचं नाव घेऊ नको, एवढंच सांगितलं. दीप्तीने ते ऐकलं नाही.

रविवारी शाळेच्या व्हरांड्यात लोक जमले. येतील की नाही या धास्तीने तिने सकाळपासून तीनदा सतरंजी झटकली होती. डोंगरे सर उशिरा आले आणि मागे, खांबाला टेकून बसले. दीप्तीने लांबण लावली नाही. तुमची तक्रार खरी होती, संघटनेने ती दाबायला नको होती आणि दाबणाऱ्यांत मीही होते, असं तिने सांगितलं. मग तिने लोकांना बोलायला सांगितलं आणि स्वतः गप्प राहिली. हे तिला फार जड गेलं. ती पदराचं टोक पिळत उभी होती.

लोक आधी बिचकले, मग एकेक करून बोलू लागले. ऋषिकेश बोलला, आणखी दोघे-चौघे बोलले, थोडी आरडाओरडही झाली. शेवटी प्रयागबाई उठली. ती सरांकडे वळून बोलली. “गुर्जी, माह्या पोराले तुमीच शिकवलं. तो आज कंपनीत आहे. तुमची बाई गेली तवा आमी समदे घाटावर आलो होतो. तुमचं दुःख आमाले दिसते गा. पन माह्या नातीनं काय करावं?”

डोंगरे सर उठले, पायात चपला सरकवल्या आणि कोणाकडे न पाहता फाटकाबाहेर गेले. दीप्ती त्यांच्यामागे धावणार होती. प्रयागबाईने तिचा हात धरला.

सोमवारी सर आले नाहीत. मंगळवारीही नाहीत, फोनही बंद. दीप्ती दोन्ही खोल्यांतल्या मुलांना सांभाळत होती आणि डोळे सारखे फाटकाकडे जात होते. संघटनेच्या ग्रुपवर कोणीतरी तिला फितूर म्हटलं, त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. आपण एका खचलेल्या माणसाला आणखी खचवलं, असं तिच्या मनाने घेतलं. त्याचं काही बरंवाईट झालं तर? मंगळवारी शाळा सुटल्यावर ती सरळ त्यांच्या घरी गेली. सर दारातच बसलेले होते, दाढी वाढलेली. तिने पाणी मागितलं. पाणी देताना ते म्हणाले, “मले शिकवता येत नाई आता. वर्गात उभा राहिलो का डोकं रिकामं होते.”

हे त्यांनी तीन वर्षांत कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलंही कोणी नव्हतं. संघटनेनेही नाही. दीप्ती तिथे बराच वेळ बसली. निघताना तिने त्यांच्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या: मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांना दाखवायचं, ती सोबत येईल, आणि ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी तसं सांगायचं, लपवायचं नाही.

सर गुरुवारी आले. चौथीला त्यांनी बाहेर उन्हात बसवलं आणि बाराखडीपासून धरलं. सगळेच दिवस असे गेले नाहीत. कधी ते दाराशी येऊन नुसती मान हलवत, मग दीप्ती चारही वर्ग एका खोलीत घेई. कधी प्रयागबाईच येऊन मुलांना गोष्टी सांगत बसे. गावाला हे सगळं माहीत होतं, कारण दीप्तीने आडपडदा ठेवला नव्हता. दर महिन्याला एका रविवारी गाव आणि शिक्षकांनी एकत्र बसायचं, हेही ठरून गेलं.

मोर्चाच्या सकाळी ती फाट्यावर उभी होती. येतो असं ऋषिकेश म्हणाला होता, पण वेळ टळून गेली तरी टेम्पोचा पत्ता नव्हता. नानाजींचे फोन येत होते, ती उचलत नव्हती. अखेर टेम्पो दिसला, खचाखच भरलेला, पुढे ड्रायव्हरशेजारी प्रयागबाई. मागे बायामाणसांत अंग चोरून डोंगरे सर बसले होते. नागपुरात तालुक्यातल्या दुसऱ्या कुठल्याच गावातून एवढी माणसं आली नव्हती. नानाजींनी तो टेम्पो नुसता पाहिला. पण पुढल्या आठवड्यात त्यांनी दीप्तीला फोन करून विचारलं की तुमची ती सभा नेमकी घेता कशी.

शाळा बंद करायचा निर्णय पुढल्या वर्षापर्यंत थांबला. रद्द झाला नाही, नुसता थांबला. भूमिका उन्हाळ्यापर्यंत अडखळत का होईना, धडा वाचू लागली.

महिन्याच्या सभेत आता लोक मोकळे बोलतात. मागच्या खेपेला ऋषिकेश उभा राहिला. दीप्तीला वाटलं, खिचडीच्या तांदळाचं काही असेल. तो म्हणाला, “मॅडम, तुमी संघटनेच्या कामाले शाळेच्या टाइमात जाता, तवा पयलीची पोरं वाऱ्यावर राह्यतात. हे बी बोलावं म्हटलं.”

एवढं केलं त्याचं हे फळ, असं दीप्तीच्या ओठांवर आलं होतं. तिने खांबापाशी बसलेल्या डोंगरे सरांकडे पाहिलं. ते जमिनीकडे बघत होते. ती उभी होती, सवयीने येरझारा घालायला पाय उचलला आणि मग तिथेच सतरंजीवर, लोकांमध्ये खाली बसली.

“बोल, ऋषिकेश,” ती म्हणाली. “कोनकोनत्या दिवशी झालं तसं?”