गाववाल्याची पिकअप

आमच्या ह्यांना, म्हणजे राजाराम ह्यांना, कुणीही गंडवू शकतं. त्याने फक्त आपण मालवणाकडचे आहोत एवढं सांगायचं. पंचवीस वर्षं शिवडीच्या गोदामांतून दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या, आवाजावरून गाडीचं दुखणं ओळखतात, पण समोरच्याने "खयचे तुमी?" विचारलं की ह्यांचं डोकं चालायचं बंद. हे मी त्यांच्या तोंडावर सांगते, पाठीमागे नाही.

तर यंदा ह्यांच्या मनाने घेतलं, गणपतीला गावी जायचं ते स्वतःच्या पिकअपने. जुनी चालेल, पण आपली. पुढे ते आणि सासूबाई, मागे सामान, आणि सामानात गादी टाकून मी नि आमची लेक नूपुर. मी म्हटलं, मी काय सिमेंटची गोणी आहे? पण आतून मलाही गाडी हवीच होती. ह्यांनी एकावन्नाव्या वर्षी रोज फोन करून शेटला विचारायचं, उद्या गाडी देणार ना? मला ते ऐकवत नव्हतं.

गाडी सापडली शिवडीतच. दहा वर्षांची. मालक अवधूत, कुडाळचा निघाला. झालं. देवळाचं, जत्रेचं, कुणाच्या मामाचं बोलणं झालं, चहा झाला, गाडीचा विषय सगळ्यात शेवटी. तो म्हणाला, आपण फक्त मंडपाचं सामान वाहिलं, बांबू नि पडदे. ह्यांनी मान डोलावली. इंजिन खरंच चांगलं होतं. कागद चोख. खालच्या चेसीला, म्हणजे लोखंडी सांगाड्याला, नवा काळा रंग, तो म्हणे आरटीओचं पासिंग जवळ आलंय म्हणून. ह्यांचा शाळेपासूनचा दोस्त गौतम, त्याचं गॅरेज तिथून पाच मिनिटांवर. तो गाडी तपासणार असं घरी ठरलं होतं. पण आता हे म्हणायला लागले, गाववाल्यासमोर मेकॅनिक उभा करायचा म्हणजे त्याचा अपमान. हार-नारळसुद्धा आणला होता, पिशवी माझ्याच हातात.

मला म्हणाले, मागे बसून बघ जरा. चढले. पत्र्यावर नवीकोरी रबराची मॅट. तिच्यावर बसले आणि नाकात वास आला. मासळीचा. थोडासाच, फिनेलखाली दबलेला.

हा वास ह्यांना कळणं शक्यच नव्हतं. आम्ही मासेखाऊ माणसं, आम्हाला तो वास वाटतच नाही. त्यात हे श्रावण पाळत नाहीत. आदल्या दिवशीच बहिणीकडे लालबागला जाऊन बांगडे हाणून आले होते. मी मात्र कडक पाळते, महिनाभर घरात मासा शिजत नाही, आणि तीन आठवडे झाले की मला तिसऱ्या मजल्यावरची फोडणीसुद्धा कळते. खाली उतरले आणि सरळ विचारलं, बांबूंना सुरमईचा वास कधीपासून यायला लागला?

अवधूत हसला. म्हणाला, वहिनी, बंदर जवळ आहे, हवेलाच वास आहे. हेही हसले, वर मला म्हणाले, उगाच शंका काढू नकोस. मग माझं टाळकं सटकलं. गौतमभावोजी येऊन बघेपर्यंत मी ही पिशवी उघडणार नाही, म्हटलं, आणि फोन मीच लावला. ह्यांचं तोंड एवढंसं झालं.

गौतम आला, मॅट उचलून बघितली, मग स्क्रूड्रायव्हर घेऊन गाडीखाली सरपटला. काळ्या रंगावर जरा ठोकलं, मग टोचलं. स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला.

"राजा, वर्षानुवर्षं बर्फातली मासळी वाहिलीय हिने," तो खालूनच म्हणाला. "खाऱ्या पाण्याने चेसी खाल्लीय. माणसं, सामान भरून घाटात गेला असतास तर मधोमध मोडली असती."

अवधूतने मालवणी सोडली आणि हिंदीत सुरू झाला, मैंने भी ऐसी ही ली थी म्हणून. हे त्याच्याशी भांडलेसुद्धा नाहीत. चल म्हणाले, निघालो.

रस्ताभर मी मनात सगळं जुळवत होते, काय काय ऐकवायचं ते. नाक्याजवळ एका बंद दुकानाच्या पायरीवर हे मटकन बसले. एवढ्या वर्षांच्या संसारात मी ह्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नव्हतं.

"शैला," म्हणाले, "मागे तू नि नूपुर बसणार होतात."

माझा राग कुठच्या कुठे गेला. मी भर रस्त्यात त्यांच्या शेजारी बसले, त्यांचा हात घट्ट धरला, आणि मला इतकं सुटल्यासारखं वाटलं की रडू आलं नि हसूही. येणारेजाणारे बघत होते. बघू देत म्हटलं.

गणपतीला यंदाही एसटीनेच गेलो. चौघंही धड पोचलो.